कब्जेदार सदरी प्रमिलाबाई

५ सप्टेंबर १९९९, रविवार. धुळे

आजपासून रोजनिशी. नोकरीत असतानाही लिहीत होतो, पण ती वरच्या साहेबाने तपासायची असायची, त्यामुळे तीत खरं जेमतेम. ही खासगी. कपाटात जुन्या नकाशांच्या गुंडाळ्यांखाली ठेवणार. कपाटाची किल्ली देव्हाऱ्यात, कुंकवाच्या करंड्याखाली. तिथं कोण हात लावतंय!

निमित्त असं की आज घरात तीन कॉम्प्युटर आले. जळगावचा दुकानदार हिलाल टेम्पोतून घेऊन आला. देवपुरातल्या आमच्या या घराची पुढची खोली रिकामी केली, भिंतीला चुना दिला. सुनंदा तिथं मुलींसाठी कॉम्प्युटर क्लास काढणार. मुहूर्त दसऱ्याचा.

सुनंदा आमची मुलगी. पिंपळनेरला दिली होती. चैत्रात परत आली ती आलीच. कारण विचारलं तर फार मोठं काही नाही. सासू तिची पेटी उघडून बघते, आणि जावई निंबाराव तिला आलेली पत्रं आधी स्वतः फोडतात. मी म्हटलं, अगं, घरातल्या घरात कसली आली लपवालपवी? ती उठून भांडी आवरायला लागली. बोलत नाही हाच तिचा दोष. असो, क्लासमध्ये मन रमेल तोवर सासरचा राग निवेल.

हिलालला सोडायला स्टँडवर गेलो आणि डॉक्टरने बंद केलेली शेवभाजी खाल्ली. वर तर्री मागून घेतली. घरी सांगितलेलं नाही.

८ सप्टेंबर, बुधवार

सकाळी आमच्या मंडळीने, सुंदरबाईने, ताटात मुगाचं बिनफोडणीचं वरण वाढलं आणि विचारलं, "काय हो, स्टँडवरनी शेवभाजी पचनी का?"

मी गार. हिलाल तर जळगावला गेला. हिला कोणी सांगितलं?

दुसरी गोष्ट याहून गंभीर. दुपारी सुनंदा यंत्र दाखवत होती. कुठंतरी बटण दाबलं आणि पडद्यावर एक चौकट आली. हे यंत्र कोणत्या जातीचं, त्यात कोणती ऑपरेटिंग सिस्टीम, आणि खाली परवाना कोणाच्या नावे. सुनंदाने वाचून दाखवलं: प्रमिलाबाई धनराज पाटील, चोपडा.

मी म्हटलं, या कोण?

"माहीत नाही, नाना. असतं तसं."

असतं तसं म्हणजे? छत्तीस वर्षं तलाठी आणि मग मंडळ अधिकारी म्हणून मी काय केलं? नावं लावली आणि नावं कमी केली. सातबाऱ्यावर कब्जेदार सदरी, म्हणजे मालकाच्या रकान्यात, ज्याचं नाव त्याची जमीन. तुम्ही नांगरा, पेरा, विहीर खोदा. नाव दुसऱ्याचं असेल तर तुम्ही उपरे. आणि इथं माझ्या घरात, माझ्या टेबलावर, कब्जेदार सदरी चोपड्याची बाई! दुसरं यंत्र उघडायला लावलं, प्रमिलाबाई. तिसरं, प्रमिलाबाई. मला पाणी प्यावं लागलं.

हिलालला फोन केला. तो हसला. "नाना, त्याले काय व्हस! बठ्ठासना कॉम्प्युटरमा तेच नाव शे. केळीनं कंद लावतस ना, तसं हाई. एक खोडपाशीन बठ्ठा मळा."

म्हणजे एका यंत्रातला माल दुसऱ्यात उतरवतात, त्याबरोबर नावही उतरतं. फेरफार नाही, नोटीस नाही. हा माणूस तलाठी असता तर मी त्याला निलंबित केला असता.

१२ सप्टेंबर, रविवार

आज नवं लफडं. यंत्र चालू केलं की ते एक प्रश्न विचारतं. सुनंदाने मराठीत सांगितलं: कंपनीकडे नोंदणी करायची का? आणि या यंत्रात काय काय सामान आहे याची यादी कंपनीला पाठवू का? खाली दोन बटणं, हो आणि नाही.

माझा संताप झाला. माझ्या घरातल्या सामानाची यादी सातासमुद्रापार? अरे, फौजदाराला घरझडती घ्यायची असली तरी दोन प्रतिष्ठित पंच लागतात. त्यांच्यासमोर वस्तू दाखवायची, लिहायची, सह्या घ्यायच्या. घरधन्याला विचारल्याशिवाय पेटीचं झाकण उचलणं ही कोणती रीत? हे सगळं मी मोठ्याने बोललो.

सुनंदा पडद्याकडे बघत म्हणाली, "पिंपळनेरलाही पंच नव्हते, नाना."

विषय कॉम्प्युटरचा होता. ती मध्येच कुठं गेली कळलं नाही.

मग म्हणाली की फोनची तारच जोडलेली नाही, त्यामुळे काही कुठं जात नाही. मला खात्री वाटत नाही. शेवभाजीचं कसं बाहेर गेलं मग? ही रोजनिशी मी लिहितो ती याच खोलीत, यंत्राशेजारी बसून.

(सुंदरबाईची खापरावरची पुरणपोळी पूर्वी कशी, आरपार उजेड दिसायचा. हल्ली जाड होते. वय झालं. पण हे बोलायची सोय नाही.)

१७ सप्टेंबर, शुक्रवार

गणपतीत चार दिवस झाले, पुरणपोळी नाही. काल विचारलं तर म्हणे, "जाड व्हस ना मनी पोळी."

मी यंत्रावर टॉवेल टाकला.

२२ सप्टेंबर, बुधवार

कामाला लागलो. नाव बदलायचं तर आधी स्थळपाहणी. काळी टोपी घातली, छत्री घेतली, वही घेतली आणि पांझरा नदीपलीकडे गावात गेलो. चौथ्या गल्लीत छापखाना, पाचव्या गल्लीत झेरॉक्स, मग एक पतपेढी, एक औषधाचं दुकान. प्रत्येक ठिकाणी अदबीने म्हटलं, आपल्या कॉम्प्युटरवर नाव कोणाचं आहे ते जरा बघू द्या. कुठं बसायला खुर्ची दिली, कुठं न मागता चहा आला. पतपेढीचा मॅनेजर तर उभाच राहिला. धुळ्यात माणुसकी शिल्लक आहे.

सगळीकडे प्रमिलाबाई! मी वहीत लिहीत गेलो आणि पान भरलं. ही बाई केवढी असेल? इनामदार ऐकलेत, वतनदार ऐकलेत; पण दोन जिल्ह्यांतली सगळी यंत्रं एका बाईच्या नावे! उद्या ती गाडी घेऊन आली आणि म्हणाली उचला माझं, तर सुनंदाच्या क्लासचं काय?

तेव्हा रीतसर फेरफार करून घ्यायचा. नोटीस काढली. कार्बन घालून प्रती केल्या आणि ज्या ज्या ठिकाणी पाहणी केली तिथं दाराला डकवल्या: 'प्रमिलाबाई धनराज पाटील रा. चोपडा यांचे नावे असलेल्या कॉम्प्युटरबाबत चौकशी सुरू असून कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावे, अन्यथा पुढील कार्यवाही करण्यात येईल.' खाली सही, भा. तो. पाटील, मंडळ अधिकारी. 'निवृत्त' लिहायला कागदावर जागा उरली नाही. हिलालच्या दुकानालाही एक प्रत पोस्टाने पाठवली. त्याला अंधारात ठेवणं बरं नव्हे.

२८ सप्टेंबर, मंगळवार

भयंकर बातमी. कोपऱ्यावरचा एस.टी.डी. बूथवाला सुपडू धावत आला. "नाना, तुमना घरना कॉम्प्युटर झाकी ठेवा. कंपनीना तपासनीस येल शे! गल्लीगल्लीमा फिरी ऱ्हायना. नाव दखस, वहीमा लिखस, आनि दारले नोटीस लाई जास."

मी विचारलं, माणूस कसा आहे?

"मी नही दखा. पन लोकं सांगतस, म्हतारा शे, भलता कडक. चहा बी पेस नि वहीमा बी लिखस."

चहा पितो आणि लिहितो! असल्या कोडग्या माणसांचा मला नोकरीतही तिटकारा होता. छापखान्याने म्हणे यंत्र गोणपाटात बांधून माळ्यावर टाकलं. पतपेढीत आठवडाभर हाताने पावत्या फाडताहेत. झेरॉक्सवाला तर गाव सोडून गेला.

आणि दसरा तीन आठवड्यांवर. तपासनीस इथं आला आणि सुनंदाच्या दारावर नोटीस लागली तर? सासरहून परत आलेली मुलगी, त्यात चोरीचा माल. एकही मुलगी क्लासला येणार नाही. मी सुनंदाला काही बोललो नाही. ती खडूने फळ्यावर 'स्वागत' लिहून पुसत होती, पुन्हा लिहीत होती.

३ ऑक्टोबर, रविवार. जळगाव, लॉजवर

हिलालला गाठायला आलो. आज माझं नशीबच खोटं. कॉम्प्युटरवाल्यांच्या मार्केटात शिरलो तर समोरचं शटर खाली. पुढं गेलो, पुढचं खाली. मी जाईन तिकडं खडखड, खडखड. म्हणजे तपासनीस नेमका माझ्या मागेच चालत असणार! दोनदा मागं वळून पाहिलं. टोपी आणि छत्रीवाला कुणी दिसला नाही. मोठा तरबेज माणूस आहे.

हिलालच्या दुकानाला कुलूप. शेजारचा रसवाला माझी टोपी पाहून उगाचच उभा राहिला आणि म्हणाला, हिलालभाऊ मामाच्या गावाला गेले, केव्हा येतील माहीत नाही, मी त्यांना ओळखत नाही. रसाचे पैसे घेतले नाहीत.

उद्या चोपडा. हक्कसोडपत्राचा मसुदा स्टँपपेपरवर करून आणलाच आहे. प्रमिलाबाईने सही केली की तीन यंत्रांवरचा तिचा हक्क संपला आणि मग तपासनीसाचा बापही आमचं काही करू शकत नाही. हक्कसोडपत्रावर बायका सही सहज देतात, हा अनुभव आहे. वडील गेले तेव्हा माझी बहीण ताईबाई आली, पुरणपोळी खाल्ली, चोळी घेतली आणि वावरावरचा हक्क सोडून संध्याकाळच्या गाडीने परत गेली. वाचूनही पाहिलं नाही. आता माझं वावर मुलाकडे जाईल. तो सुरतेला असतो, तरी त्याचंच. सुनंदाचा प्रश्न येत नाही, ती दिल्या घरची. सरळ माणसांचे व्यवहार असे सरळ होतात.

५ ऑक्टोबर, मंगळवार. धुळे

काल चोपडा झालं. मी वाडा, नोकरचाकर, दोन गाड्या असं काहीतरी धरून चाललो होतो. पत्र्याच्या शेडपुढं केळीचा ट्रक भरत होता आणि एक सडपातळ बाई पदर खोचून हमालांवर ओरडत होती. त्याच प्रमिलाबाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. केळीच्या गाड्या त्या स्वतः भरतात, दिल्लीपर्यंत पाठवतात.

मी नमस्कार केला. "ताई, आपण खानदेशातल्या सगळ्या कॉम्प्युटरांच्या मालकीण."

"काय पिसन आलात का, भाऊ?"

बसवलं, पाणी दिलं, मग उलगडा झाला. भाच्याच्या आग्रहाखातर त्यांनी मुंबईहून एकच कॉम्प्युटर आणि त्याची ऑपरेटिंग सिस्टीम रीतसर डबाबंद विकत आणली होती. बसवून द्यायला हिलाल आला. 'एक दिवसासाठी द्या' म्हणून ती चकती घेऊन गेला तो गेलाच. भाचा सुरतेला निघून गेला. आता त्या कॉम्प्युटरवर लसणाच्या जुड्या वाळताहेत. रिकामा डबा मात्र बाईंनी देवाजवळ ठेवला आहे.

मी वही उघडून कुठं कुठं त्यांचं नाव पाहिलं ते वाचून दाखवलं. छापखाना, पतपेढी, औषधाचं दुकान. मला वाटलं आनंद होईल. त्यांचा चेहरा उतरत गेला.

"तरीच," त्या म्हणाल्या. "बँकमा गयू का पोऱ्या हासतस. 'उनी दखा प्रमिलाबाई, कॉम्प्युटरवाली.' माले वाटे, मना मांगे काय लागनं हाई?" मग एकदम आवाज चढला. "मना बापनी वावरले मनं नाव लावं नही. मना मालकनी लावं नही. आनि ह्या मुडदासनी माले न इचारता बठ्ठा खान्देशले लाई दिधं!"

हमाल थांबून बघायला लागले. मी लगबगीने स्टँपपेपर काढला. म्हटलं, ताई, इथं सही करा, आपल्या नावाचा त्रास निदान तीन यंत्रांपुरता मिटेल.

त्यांनी मथळा वाचला. हक्कसोडपत्र. कागद घडी करून माझ्या हातात परत दिला.

"दोनदाव कऱ्या असा सह्या. एकदाव भाऊले, एकदाव देरले. आते नही. मनं नाव मी सोडाव नही, मी ते परत लई जासु. दसराले येस मी धुळाले." आणि उठता उठता विचारलं, "तुमनी आंडेरनं नाव कोठे शे?"

मी म्हटलं, कशावर?

"कशावर बी."

एस.टी.त मी विचार करत होतो. सुनंदाचं नाव रेशनकार्डावरून लग्नानंतर मीच कमी केलं, तेव्हाच्या तेव्हा, नियमाप्रमाणे. पिंपळनेरच्या कार्डावर अजून चढलेलं नाही, असं ती म्हणाली होती. लाइटबिल माझ्या नावावर. वावर माझ्या. मग आठवलं, लग्नपत्रिकेवर आहे. पण प्रश्न विषयाला सोडून होता, म्हणून मी त्याची नोंद घेतली नाही.

९ ऑक्टोबर, शनिवार

पाचकंदील चौकात व्याही भेटले, पिंपळनेरचे धनसिंगआबा. सूतगिरणीच्या कामाला आले होते. चहा पाजला. म्हणाले, "पाटील, किती दिवस पोरीला घरी ठेवणार? लोक आम्हाला विचारतात."

तपासनीस फिरतो आहे, हिलाल फरार, प्रमिलाबाईची सही नाही. माझा धीर सुटला. मी शब्द दिला: दसऱ्याला क्लास उघडला नाही तर दुसऱ्या दिवशी मी स्वतः सुनंदाला पिंपळनेरला आणून सोडतो.

हे घरात कोणालाही सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. यंत्रावर टॉवेल आहे, वर चादरही टाकली आहे, तरी हे मी मागच्या दारी ओट्यावर बसून लिहितो आहे.

१० ऑक्टोबर, रविवार. घटस्थापना

घट बसले आणि घरात बोलणं बंद झालं. सुंदरबाईने चहाचा कप असा ठेवला की अर्धा बशीत. मग सुनंदा आली. डोळे लाल. "नाना, माझ्याबद्दल शब्द दिलात? मला न विचारता?"

चादर, टॉवेल, मागचं दार, काही उपयोग झाला नाही! ही कंपनी माणसाच्या मनातलं काढून घेते. मी तावातावाने उठून तिन्ही यंत्रांच्या तारा उपटल्या आणि त्यांची तोंडं भिंतीकडे केली. सुंदरबाई दारात उभं राहून बघत होती. मला वाटलं तिला हसू येतंय, पण ती पदराने तोंड पुसत होती.

सुनंदा पुढं म्हणाली, "चहा पिता पिता तुम्ही माझं ठरवून टाकलंत, माझ्यामागे माझी पेटी उघडल्यासारखं." मग तिनं यंत्रांची तोंडं पुन्हा सरळ केली आणि तारा लावत बसली. एक तार चुकली, ती काढून पुन्हा लावली. लहानपणी पाटीवर अक्षर चुकलं की अशीच पुसून पुन्हा लिहायची. मला फार वाईट वाटलं. एवढं वाईट मला निवृत्तीच्या दिवशीही वाटलं नव्हतं. पण दिलेला शब्द परत कसा घेतात, हे मला येत नाही.

१६ ऑक्टोबर, शनिवार

हिलाल आला! दाढी वाढलेली, हातात तीन डबे, नवेकोरे, सील असलेले, मुंबईहून आणलेले. उंबऱ्यातच माझ्या पायावर. "नाना, चुकी व्हयनी. हाई लेवा, पैसा नको. धुळामा जेनाजेनाकडे मनं काम शे, बठ्ठासकडे बदली दिसू. पन साहेबले सांगा, मले जेलमा टाकू नका."

मी म्हटलं, अरे, मी कोण सांगणार? मी त्या साहेबाला पाहिलेलंसुद्धा नाही. दिसला तर जरूर सांगेन.

त्यानं माझ्याकडे पाहिलं, खुंटीवरच्या टोपीकडे पाहिलं, कोपऱ्यातल्या छत्रीकडे पाहिलं. खिशातून मी पाठवलेली नोटीस काढली, वाचली, पुन्हा खिशात ठेवली. "हां नाना. तुम्ही सांगशात तसं," म्हणाला, आणि घाम पुसला. बिचारा फार भेदरला आहे.

चहा घेताना त्यानं खरी गंमत सांगितली. डबा विकत घेतला तरी आपण मालक नाही. मालक कंपनी. आपल्याला फक्त वापरायची परवानगी. म्हणजे प्रमिलाबाईसुद्धा कब्जेदार नव्हती, नुसतं कूळ! मी म्हटलं, मग कूळकायदा लाव. कसेल त्याची जमीन. आमची सुनंदा रोज यंत्र कसते आहे. हिलाल म्हणाला, अमेरिकेत कूळकायदा नाही. नसेल. म्हणूनच तिथली माणसं दुसऱ्यांच्या घरातल्या याद्या मागत फिरतात.

पण डबे आले. क्लास उघडणार! सुनंदाने तिन्ही डबे हातात घेऊन बघितले आणि किती दिवसांनी माझ्याकडे पाहून हसली.

१९ ऑक्टोबर, मंगळवार. दसरा

सविस्तर लिहितो.

सकाळी यंत्रांची पूजा. झेंडूच्या माळा, हळदकुंकू. सुंदरबाईने पडद्याला कुंकू लावलं. मुली आल्या, त्यांच्या आया आल्या. प्रमिलाबाई चोपड्याहून केळीचा अख्खा घड घेऊन उतरल्या. हिलाल त्यांना पाहून घडामागे लपायला लागला. बाईंनी त्याला पुढं ओढला, "काढ मनं नाव, मना डोयासमोर काढ."

त्यानं एकेक यंत्र पुसलं. तिसऱ्या पडद्यावरून नाव गेलं तशी बाईंनी बोटाने काच चाचपून पाहिली. म्हणाल्या, "आते हलकं वाटनं." नाव गेल्यावर हलकं वाटणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं.

मग नवी चकती घातली. यंत्राने विचारलं, नाव? मी सुनंदाच्या मागे उभा राहून सांगायला लागलो: सौभाग्यवती सुनंदा निंबाराव... तिनं 'सुनंदा' लिहिलं आणि थांबली.

मी म्हटलं, अगं, अपुरं राहिलं. नवऱ्याचं नाव, आडनाव, गाव.

"नाना, यंत्राला एवढं पुरतं."

आणि खरंच पुरलं. पुढची चौकट आली. तीच ती: यंत्रातल्या सामानाची यादी पाठवू का? सुनंदाने वळून पाहिलं. "काय दाबू, नाना?"

"नाही दाब," मी म्हटलं. तिनं दाबलं.

एवढ्यात धनसिंगआबा आले. क्लास उघडला की नाही, ते डोळ्यांनी बघायलाच आले होते. आपट्याची पानं दिली, खुर्चीवर बसले, चौफेर नजर फिरवली. "चांगलं आहे. शिकवू दे पोरीला. आमची ना नाही. फक्त क्लासला कोण येतं, फोन कोणाचे येतात, पत्रं कोणाची, मिळतं किती, हे दर पंधरवड्याला कळवत जा. शेवटी सून आमची आहे. तिची पेटी तिकडंच आहे, परवा तिच्या सासूने पुन्हा सगळी उलगडून बघितली. तसं काही निघालं नाही हो, काळजी नको."

सुनंदा बटणांकडे बघत होती. आणि मला काय झालं कुणास ठाऊक, माझ्या तोंडून निघालं, "पंच कोण होते, आबा?"

"कसले पंच?"

"पेटी उघडली तेव्हा. घरधनीण हजर नव्हती. मग पंच कोण होते? सह्या कोणाच्या घेतल्या?"

आबा हसले. त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. "घरातल्या घरात कसली आली लपवालपवी, पाटील?"

हे वाक्य माझं होतं. माझ्याच घरात, माझ्याच तोंडचं. दुसऱ्याच्या तोंडी ऐकलं तेव्हा कळलं की ते किती वाईट वाक्य आहे.

"यादी जाणार नाही, आबा," मी म्हटलं. "पंधरवड्याला नाही आणि वर्षालाही नाही. आत्ताच आम्ही 'नाही' दाबलं. अमेरिकेला नाही म्हणालो, तिथं पिंपळनेरची काय कथा! पेटी आहे तशी, कुलूप लावून पाठवून द्या."

"तुम्ही शब्द दिला होता!"

"क्लास उघडला नाही तर, असा दिला होता. क्लास उघडला. पुढे तिला कुठं राहायचं ते तिला विचारा. मला विचारू नका, मी कब्जेदार नाही."

आबा पाणीही न पिता गेले. मला भीती वाटत होती की सुंदरबाई रागावेल. ती आत गेली आणि खापरावरची पोळी घेऊन आली. हातावर धरली. आरपार उजेड दिसत होता.

तपासनीस शेवटपर्यंत आला नाही. आला असता तर मी त्याला पहिल्या खुर्चीवर बसवणार होतो. हे बोलून दाखवलं तर प्रमिलाबाई, सुनंदा, हिलाल, सुपडू सगळे एकमेकांकडे बघून इतके हसले की सुपडूला ठसका लागला. लोकांना आनंदात काय बोलावं, केव्हा हसावं याचं भान राहत नाही.

२० ऑक्टोबर, बुधवार

आज रोजनिशी मागं चाळत होतो. शेवभाजीच्या पानावर हळदीचं बोट. पुरणपोळीच्या पानावर हळदीचं बोट. धनसिंगआबांना शब्द दिला त्या पानावर तर अख्खा अंगठा, आणि शाई दोन ठिकाणी ओलाव्याने पसरलेली.

करंडा रोज सकाळी कोण उचलतं, हे माझ्या लक्षात कसं आलं नाही?

काल रात्री यंत्रावर पुन्हा टाकलेला टॉवेल काढला. यंत्राची क्षमा मागितली, मनातल्या मनात. किल्ली दुसरीकडे ठेवावी म्हणून घरभर फिरलो. कुठंही ठेवली तरी तीच झाडणार, तीच पुसणार.

प्रमिलाबाईचा प्रश्न काही केल्या डोक्यातून जात नाही. तुमनी आंडेरनं नाव कोठे शे? रात्री ठरवलं. वावराचे दोन सारखे वाटे करायचे. एकावर सुरतेच्या मुलाचं नाव लागेलच, दुसऱ्यावर सुनंदाचं लावावं. सोमवारी तलाठ्याकडे अर्ज देतो. लोक बोलतील, मुलगा रुसेल, म्हणून तूर्त नाव 'इतर हक्क' या रकान्यात लावावं म्हणतो. सोसायटीचं कर्ज, विधवेची पोटगी वगैरे ज्या रकान्यात लिहितात, त्यात. कोणाच्या डोळ्यावर येणार नाही.

इतर हक्कमा नही. कब्जेदारमा लावा.

२१ ऑक्टोबर, गुरुवार

वरची पेन्सिलची ओळ माझ्या हातची नाही. मी नोटीस काढलेली नव्हती, पंधरा दिवसांची मुदतही दिलेली नव्हती, तरी हरकत आली. हरकत रास्त आहे.

अर्ज पुन्हा लिहिला, कब्जेदार सदरी. खाली सही करताना 'निवृत्त' या शब्दापुरती जागा आधीच सोडली.

किल्ली करंड्याखालीच ठेवली आहे.